कॉलबॅकची नोंद: कधी करायची, कधी काढायची

सॉकेटवर (नेटवर्क कनेक्शनच्या आपल्या टोकावर) वाचायला काही आलं की अमुक फंक्शन (म्हणजे कॉलबॅक) चालव, हे इव्हेंट लूपला, म्हणजे घटनांची वाट बघून त्या त्या वेळी ठरलेलं फंक्शन चालवणाऱ्या यंत्रणेला, सांगायला एक ओळ पुरते. प्रोग्राम बिघडतो तो नंतर, ती नोंद वेळेवर न काढल्यामुळे. सीपीयू विनाकारण शंभर टक्क्यांवर जातो, मेमरी फुगत राहते, किंवा नव्यानं जोडलेल्या ग्राहकाशी सर्व्हर अक्षरही बोलत नाही. म्हणून इथे गप्पांचा एक छोटा सर्व्हर बांधू. एकानं लिहिलेली ओळ बाकी सगळ्यांना दिसावी, एवढंच त्याचं काम. नोंदी कशा सांभाळायच्या ते त्यातून आपोआप कळेल.

भाषा पायथन, मॉड्यूल एसिंकआयओ. ते २०१४ साली पायथन ३.४ बरोबर आलं. लिनक्स किंवा मॅक असेल तर काही अडचण नाही. विंडोजवर मात्र पायथन ३.८ पासून आपोआप मिळणारा लूप 'प्रोॲक्टर' जातीचा असतो आणि त्यात ॲड_रीडर (वाचनाचा कॉलबॅक नोंदवणारं फंक्शन) चालत नाही, तिथे सिलेक्टर इव्हेंट लूप मुद्दाम मागून घ्यावा लागतो. रोजच्या कामाला एसिंक-अवेट आणि स्ट्रीम्सच वापरा, त्यातच शहाणपण आहे. पण लिनक्सवर त्यांच्याही आत हीच यंत्रणा चालते, आणि ती एकदा हातानं बांधली की वरचे थर कोडं वाटत नाहीत.

पायथन ३ मध्ये फंक्शनला देवनागरी नाव देता येतं, म्हणून आपल्या फंक्शनांची नावं मराठीच ठेवली आहेत. लायब्ररीची नावं इथे देवनागरीत दिसली तरी प्रोग्राममध्ये ती नेहमीसारखी रोमन लिपीतच लिहायची.

पायरी १: ऐकणारं सॉकेट तयार करा

टीसीपी सॉकेट उघडा, एसओ_रीयूजॲडर हा पर्याय चालू करा (नाहीतर सर्व्हर बंद करून लगेच सुरू केला की 'पत्ता आधीच वापरात आहे' अशी तक्रार येऊ शकते), १२७.०.०.१ वर (म्हणजे तुमच्याच संगणकावर) पोर्ट ९००० ला बाइंड करा आणि लिसन म्हणा. मग सेटब्लॉकिंग(फॉल्स). ही ओळ वगळू नका. लूपनं 'तयार आहे' असं सांगितलं आणि तुम्ही हात घालेपर्यंत समोरचा निघून गेला, असं होऊ शकतं. तेव्हा ब्लॉकिंग सॉकेट तिथेच वाट बघत बसेल आणि त्याच्याबरोबर अख्खा प्रोग्राम. नॉन-ब्लॉकिंग सॉकेट ब्लॉकिंगआयओएरर देतं. ती पकडायची आणि निमूट परत फिरायचं.

पायरी २: पहिली नोंद

लूप.ॲड_रीडर(ऐकणारा, नवा_ग्राहक). नवं कनेक्शन येणं हीसुद्धा लूपच्या लेखी 'वाचायला तयार' अशीच घटना असते. फंक्शनचं नाव द्यायचं, पुढे कंस लावायचे नाहीत. कंस लावलेत तर फंक्शन तिथल्या तिथे चालेल आणि लूपच्या हाती त्याचं उत्तर पडेल.

नवा_ग्राहक या फंक्शनात ॲक्सेप्ट करा आणि मिळालेलं सॉकेटही नॉन-ब्लॉकिंग करा. हा गुण ऐकणाऱ्या सॉकेटकडून वारशानं मिळेलच असं नाही, ते ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून असतं. मग प्रत्येक ग्राहकासाठी दोन बाइटअरे (बाइटांचे वाढत जाणारे साठे) ठेवा, एक आलेल्या मजकुरासाठी आणि एक जायच्या मजकुरासाठी, म्हणजे जावक बफर. शेवटी लूप.ॲड_रीडर(सॉकेट, वाच, ग्राहक). तिसरं आर्ग्युमेंट लूप जपून ठेवतो आणि दर वेळी 'वाच'ला देतो, त्यामुळे लॅम्बडाची (बिननावाच्या फंक्शनची) गरज पडत नाही. फॉर लूपमध्ये लॅम्बडा लिहून सगळे कॉलबॅक शेवटच्याच ग्राहकाकडे बोट दाखवतात, तो घोळही टळतो.

एका सॉकेटला वाचनाचा एकच कॉलबॅक असतो. दुसरा नोंदवलात की पहिला मुकाट्यानं जातो.

पायरी ३: वाचणं

'वाच'मध्ये रिसीव्ह(४०९६) करा. ४०९६ ही कमाल मर्यादा आहे, तितके बाइट मिळतीलच असं नाही. टीसीपीला 'ओळ' किंवा 'निरोप' ठाऊक नसतो, तो फक्त बाइटांचा प्रवाह. मराठी मजकुरात हे लगेच जाणवतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, काना, मात्रा आणि हलन्तसुद्धा. 'नमस्कार' हा शब्द २१ बाइटांचा. त्याचे २० बाइट आत्ता आले आणि एक नंतर आला, तर लगेच डीकोड करणारा (बाइटांची अक्षरं करणारा) प्रोग्राम तिथेच कोसळेल. इंग्रजीत चाचणी केलेल्या प्रोग्राममध्ये ही चूक वर्षानुवर्षं लपून राहू शकते.

उपाय सोपा आहे. बाइट साठवत जा, नव्या ओळीचा बाइट शोधा, तिथवरचा तुकडा कापा आणि मगच डीकोड करा. यूटीएफ-८ ची रचनाच अशी आहे, की तो बाइट दुसऱ्या कुठल्याही अक्षराच्या पोटात येत नाही.

रिकामे बाइट मिळाले तर समोरच्यानं पाठवणं संपवलं आहे. इथे वाचनाची नोंद काढलीच पाहिजे. हा लूप 'लेव्हल-ट्रिगर' पद्धतीनं चालतो, म्हणजे रडणाऱ्या मुलासारखा. दूध मिळेपर्यंत गप्प बसत नाही. संपलेलं सॉकेट कायम 'वाचायला तयार' दिसत राहतं, कॉलबॅक पुन्हा पुन्हा चालतो आणि पंखा घरघरायला लागतो. रिसीव्हच्या आधीच कॉलबॅकमध्ये एरर आली तरी तोच प्रकार. लूप ती एरर लॉगमध्ये लिहितो, थांबत नाही, आणि लॉगची फाइल फुगत जाते.

पायरी ४: लिहिणं

वाचनाची नोंद ग्राहक असेपर्यंत ठेवायची. लेखनाची मात्र काम असेल तेवढ्यापुरतीच. जोडलेलं सॉकेट जवळजवळ सदैव लिहायला तयारच असतं, कारण कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) बफरमध्ये बहुधा जागा असते. सुरुवातीलाच ॲड_रायटर करून ठेवलंत तर लूप क्षणभरही झोपणार नाही.

म्हणून पाठवायची ओळ आधी ग्राहकाच्या जावक बफरमध्ये टाका आणि लूप.ॲड_रायटर(सॉकेट, लिही, ग्राहक) करा. 'लिही'मध्ये सेंड करा. किती बाइट गेले तो आकडा सेंड परत देतो, तेवढेच बाइट बफरच्या तोंडाकडून कापा. बफर रिकामा झाला की त्याच क्षणी रिमूव्ह_रायटर. सेंडऑल इथे वापरू नका. नॉन-ब्लॉकिंग सॉकेटवर ते मध्येच एरर देऊन थांबलं, तर किती गेलं ते कळायला मार्ग नाही.

जावक बफरला कमाल मर्यादा घाला, समजा १ एमबी. एखाद्याचं नेट रांगतंय आणि बाकीचे भरभरून बोलताहेत, तर त्याच्या वाटचा मजकूर तुमच्या मेमरीत साठत जातो. मर्यादा ओलांडली की त्याचं कनेक्शन तोडावं. कठोर वाटेल, पण एकापायी सगळा सर्व्हर झोपवण्यापेक्षा बरं.

पायरी ५: निरोप देणं

क्रम असा: रिमूव्ह_रीडर, रिमूव्ह_रायटर, मग क्लोज. नोंद नसताना काढली तरी बिघडत नाही, ते फंक्शन फक्त फॉल्स परत देतं. क्रम उलटा केलात तर मात्र महागात पडतं. ऑपरेटिंग सिस्टिम सॉकेटला क्रमांकानं ओळखते आणि बंद झालेला क्रमांक पुढच्या सॉकेटला देते. लिनक्सवर क्लोज करताच कर्नलमधल्या ईपोलच्या (कोणतं सॉकेट तयार आहे ते लूपला सांगणाऱ्या सोयीच्या) यादीतून सॉकेट निघून जातं, पण पायथनच्या यादीत जुनी नोंद उरते. त्याच क्रमांकाचा नवा ग्राहक आला की पायथनला वाटतं, हा तर नोंदलेला आहे. मग तो फक्त कॉलबॅक बदलतो आणि कर्नलला काहीच कळवत नाही. एरर येत नाही आणि त्या ग्राहकाचं 'वाच' कधीच चालत नाही.

पायरी ६: लूप सोडा आणि त्रास द्या

रन_फॉरएव्हर म्हणा. कॉलबॅकमध्ये टाइम.स्लीप, डेटाबेसची क्वेरी, होस्टच्या नावावरून पत्ता शोधणं असली रेंगाळणारी कामं नकोत, ती रन_इन_एक्झिक्युटरकडे सोपवा, ते फंक्शन ती लूपबाहेर वेगळी चालवतं. लूप.सेट_डीबग(ट्रू) केलंत तर ०.१ सेकंदापेक्षा जास्त वेळ घेणाऱ्या कॉलबॅकचं नाव लॉगमध्ये येतं.

मग तीन टर्मिनल उघडून प्रत्येकात 'एनसी १२७.०.०.१ ९०००' ही आज्ञा द्या (अर्थात रोमन लिपीत). एनसी हा सर्व्हरला जोडून मजकूर पाठवणारा-दाखवणारा छोटा प्रोग्राम आहे. सगळे गप्प असताना टॉपमध्ये (चालू प्रोग्राम किती सीपीयू खातात ते दाखवणाऱ्या आज्ञेत) सर्व्हरचा सीपीयू शून्याजवळ दिसला पाहिजे. दिसत नसेल तर लेखनाची एखादी नोंद काढायची राहिली आहे. मराठीत दोन ओळी पाठवून पाहा. नंतर एका एनसीला कंट्रोल-झेड करून गोठवा आणि दुसऱ्याकडून एखादी काही एमबीची मजकूर फाइल ओता. आधी कर्नलचे बफर भरतील, मग गोठलेल्या ग्राहकाचा जावक बफर वाढू लागेल आणि मर्यादेला टेकताच त्याचं कनेक्शन तुटेल. तेवढ्या वेळात तिसऱ्या टर्मिनलवर ओळी अखंड येत राहिल्या पाहिजेत.