कुंडीतल्या बटाट्यावरचा ठिपक्यांचा भुंगेरा आणि क्रायसोपा

मुंबईत गच्चीवर बटाटा नोव्हेंबरात लावतात. पानाची जाळी झाली की आधी पान उलटं करून बघा. पिवळ्या, टोकदार अंड्यांचा उभा पुंजका आणि काटेरी पिवळी अळी दिसली तर तो एपिलॅक्ना, म्हणजे 28 ठिपक्यांचा भुंगेरा. पाठीवर बारीक लव असल्याने तो मंद दिसतो. मावा खाणारा ढालकिडा चकचकीत असतो, त्याला मारू नका. सगळी गफलत इथेच होते.

क्रायसोपा ही जाळीदार पंखांची मित्रकीड. तिची अळी भुंगेऱ्याची अंडी आणि कोवळ्या अळ्या खाते, मोठ्या भुंगेऱ्याला मात्र ती पुरी पडत नाही. म्हणून सकाळी गारव्यात भुंगेरे सुस्त असतात तेव्हा ते वेचून साबणाच्या पाण्यात टाका. मग संध्याकाळी प्रत्येक झाडावर 2-3 क्रायसोपाच्या अळ्या सोडा, वेगवेगळ्या पानांवर. एकत्र ठेवल्या तर एकमेकींनाच खातात. क्रायसोपाची अंडी चिकटवलेलं कार्ड आणलं असेल तर अळ्या बाहेर पडायच्या आत ते तुकडे करून वाटा.

मुंग्या आल्या तर क्रायसोपाच्या अळ्या टिकत नाहीत, मेहनत वाया. कुंडीच्या स्टँडच्या पायांना ग्रीस लावा. खाली पाण्याच्या वाट्या नकोत, डास होतील. कीटकनाशक बंदच ठेवा, निंबोळी अर्कसुद्धा अळ्या सोडण्याच्या आसपास नको. शेजारी फुलावर आलेली कोथिंबीर किंवा बडीशेप असू द्या. क्रायसोपाचे प्रौढ मकरंद आणि परागावर जगतात.

तपकिरी, फुगून कडक झालेल्या भुंगेऱ्याच्या अळ्या चिरडू नका. त्यांच्या पोटात पेडिओबियस ही भुंगेऱ्याची शत्रू असलेली इवलीशी गांधीलमाशी वाढत असते.