कामांचा ढीग उपसण्याआधी तास मोजा

कामं अंगावर आली की हात आधी सोप्या कामाकडे जातो. दोन मेल, एक फोन, एक सही. तासभर जातो आणि ढीग तेवढाच राहतो. म्हणून कशालाही हात लावण्याआधी वीस मिनिटं हिशेबाला द्या.

डोक्यात असलेलं प्रत्येक काम कागदावर उतरवा. नुसतं नाव नको, पुढची कृती लिहा. 'अहवाल' ही ओळ आठवडाभर तशीच पडून राहते, कारण सुरुवात कुठून करायची हे दर वेळी नव्याने ठरवावं लागतं. 'अहवालातल्या तिसऱ्या तक्त्याची बेरीज तपासणे' असं लिहिलं की लगेच बसता येतं. शिवाय मनही मोकळं होतं. अर्धवट काम सारखं आठवत राहतं, पण ते कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरवलं तरी ही टोचणी कमी होते, असं मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या 2011च्या प्रयोगांत दिसलं.

आता प्रत्येक कामापुढे तास लिहा. इथे सगळेच चुकतात, आणि चूक बहुतेक वेळा कमी धरण्याचीच असते. आत्ता किती वेळ लागेल असं वाटतंय ते सोडा, मागच्या वेळी अशाच कामाला किती लागला ते बघा. नोंद नसेल तर अंदाजाच्या दीडपट धरा.

मग हातातले तास. आठ तासांतून दोन तास मीटिंगचे आणि एक फोन-निरोपांचा गेला की पाच उरतात. त्यातले चारच भरा. पाचवा तास मोकळा ठेवणं चैन वाटेल, पण रांगेचं गणित बघा. कामं अनियमितपणे येत असतील तर साध्या रांगेत 80 टक्के वेळ भरलेला असताना नवं काम सरासरी चार कामांच्या वेळेइतकं थांबतं, 90 टक्क्यांना नऊ, 95 टक्क्यांना एकोणीस. शंभर टक्के भरलेल्या दिवसात एक अचानक आलेलं काम पुढचं सगळं घसरवतं ते यामुळेच.

समजा आठवड्याचे 20 तास आहेत आणि यादी 31 तासांची निघाली. वरच्या 11 तासांचं काय करायचं ते आजच ठरवा. शुक्रवारी सांगितलं तर समोरच्याच्या हातात काहीच उरत नाही. 'खूप काम आहे' ही तक्रार वाटते, आकडे दिले की निर्णय घेता येतो: 'सर, या आठवड्यात माझ्याकडे 20 तास आहेत आणि काम 31 तासांचं आहे. अहवाल आणि हिशेब गुरुवारी देतो. प्रेझेंटेशन पुढच्या मंगळवारी दिलं तर चालेल का? ते आधी हवं असेल तर हिशेब मागे ठेवावा लागेल.'

एका वेळी दोन-तीनपेक्षा जास्त कामं उघडी ठेवू नका. एक सोडून दुसरं धरलं तरी लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो. संशोधक सोफी लेरॉय यांनी 2009 मध्ये हेच दाखवलं. मध्येच कुणी बोलावलं तर उठण्याआधी एक ओळ खरडा: '40व्या ओळीपर्यंत जुळलं, 41मध्ये फरक, मूळ बिल बघणे.' अर्धा मिनिट लागतो, पण परत आल्यावर पहिल्यापासून शोधावं लागत नाही.

पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती ही पोमोडोरो पद्धत किरकोळ कामांना आणि टाळाटाळ मोडायला उत्तम. मसुदा लिहिणं किंवा गुंतागुंतीचा हिशेब यांना मात्र ती तोकडी पडते, सूर लागतो तोवर घंटा वाजते. तिथे सलग 50 ते 90 मिनिटं घ्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. निरोप दिवसातून तीनदाच बघा, आणि तातडीचं असेल तर थेट फोन करा हे सहकाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

रात्री जागून काम संपवायचं ठरवत असाल तर आकड्यांचं आणि पाठवून टाकायचं काम त्या वेळी ठेवू नका. सलग 17 ते 19 तास जागं राहिल्यावर प्रतिक्रिया इतक्या मंदावतात की त्यांची तुलना रक्तात 0.05 टक्के मद्य असण्याशी होते. रात्री फार तर कागद लावा, फाइलींना नावं द्या. मेल मसुद्यात ठेवा आणि सकाळी एकदा वाचून मगच पाठवा.