नोव्हेंबरआधीच हयातीचा दाखला आणि फ्लूची लस

वृद्धाश्रम चालवणाऱ्यांनी नोव्हेंबरची कामं दिवाळीआधीच मार्गी लावावीत. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना ८० वर्षांपुढे हयातीचा दाखला, म्हणजे पेन्शन चालू राहण्यासाठी द्यायचा जिवंत असल्याचा पुरावा, नोव्हेंबरची वाट न पाहता १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, त्यामुळे सुरुवात त्यांच्यापासून करा. ईपीएफच्या (भविष्य निर्वाह निधीच्या) पेन्शनला नोव्हेंबरची अट नाही. तो दाखला दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो.

उतारवयात बोटांचे ठसे पुसट होतात, मशीन ते घेत नाही. आजी पुन्हापुन्हा अंगठा दाबून रडकुंडीला येतात. त्यापेक्षा चेहरा दाखवून दाखला देण्यासाठी मोबाईलवर जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन ॲप घ्या. आधी कर्मचाऱ्याचा स्वतःचा चेहरा पडताळला जातो, मग आजोबांचा. त्यांना खिडकीकडे तोंड करून बसवा, चष्मा काढा, सांगितल्यावर पापणी मिटायला लावा. पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) नंबर आणि पेन्शनचं खातं पासबुकावरूनच भरा, आठवणीवर नको. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी पोस्टमन थोड्या शुल्कात घरी येतो.

याच सुमारास डॉक्टरांना विचारून सगळ्यांना फ्लूची लस द्या, कर्मचाऱ्यांनाही. संरक्षण मिळायला साधारण दोन आठवडे लागतात. अंगात ताप असेल त्याची लस पुढे ढकला.