इंटरचा ग्रुप राहिला? आधी उत्तरपत्रिका मागवा

सीए इंटरचा, म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट होण्याच्या वाटेवरच्या मधल्या परीक्षेचा, निकाल लागला की इंदूरच्या रामबाग, नारायणबाग, लोकमान्य नगर या भागातली काही मुलं माझ्याकडे हमखास येतात. बरोबर आई असते, नाहीतर काका. ज्यांचा ग्रुप, म्हणजे तीन पेपरांचा एक गट, निघाला त्यांच्याशी बोलायला फार वेळ लागत नाही. ज्यांचा राहिला त्यांना मी बसवून घेते, कारण पुढच्या आठवड्याभरात घरोघरी मोठे निर्णय होतात. क्लास बदलायचा, पुढच्या वेळी एकच ग्रुप द्यायचा, नाहीतर सीए सोडून एमबीए करायचं. आणि हे सगळं ठरतं ते निकालातल्या एका शब्दावरून. माझाही इंटरचा एक ग्रुप पहिल्या वेळी राहिला होता, त्यामुळे त्या आठवड्यात घरात काय वातावरण असतं ते मला ठाऊक आहे.

नापास होण्याचे प्रकार वेगवेगळे असतात. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि ग्रुपच्या ३०० पैकी १५० गुण लागतात. एखादीला ४३, ४६, ५१ मिळतात. एकाही पेपरात ती नापास नाही, तरी बेरीज १४० होते आणि ग्रुप जातो. दुसऱ्याला ६२, ५८, ३८ मिळतात. बेरीज १५८, पण एका पेपरानं घात केला. शिवाय ६२ वाल्या पेपरात, साठ किंवा जास्त गुण असल्यामुळे, त्याला पुढच्या तीन परीक्षांसाठी एक्झम्प्शन मिळतं, म्हणजे तो पेपर पुन्हा द्यावा लागत नाही. या दोघांनी एकसारखा अभ्यास करण्यात काही अर्थ नाही. पहिलीनं एका पेपरात साठ ओलांडायचा नेम धरावा. बेरीज सुधारते, आणि ग्रुप पुन्हा राहिलाच तर हातात एका पेपराचं एक्झम्प्शन उरतं. आणखी एक गोष्ट नव्या मुलांना फारशी कुणी समजावून सांगत नाही. दोन्ही ग्रुप एकत्र दिले तर दोन्हींची मिळून ६०० पैकी ३०० बेरीजही चालते, फक्त प्रत्येक पेपरात ४० हवेत. 'झेपत नाही' म्हणून घाईनं एक ग्रुप सोडताना हा फायदाही सुटतो.

गुणपत्रिकेपेक्षा उत्तरपत्रिका जास्त बोलते. निकालानंतर महिन्याभरात अर्ज केला आणि फी भरली की परीक्षा घेणारं इन्स्टिट्यूट (आयसीएआय) तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत देतं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहायचा हक्क असल्याचं मान्य केलं, तो या बाबतीत सगळ्यात मोठा आधार. गुणपडताळणीचा अर्ज वेगळा. त्यात बेरीज चुकली का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढंच बघतात. पेपर पुन्हा तपासत नाहीत. गुण वाढतील या आशेवर थांबू नका. प्रत मागवायची ती शिकण्यासाठी.

लोकमान्य नगरच्या एका मुलाला लॉमध्ये ३८ होते. "ताई, लॉ मला जमतच नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. प्रत आल्यावर आम्ही शेजारी सजेस्टेड आन्सर्स, म्हणजे इन्स्टिट्यूटनं दिलेली नमुना उत्तरं, उघडून बसलो. पाच गुणांच्या पहिल्या उत्तराला त्यानं चार पानं लिहिली होती. निष्कर्ष बरोबर, पण कंपनी कायद्यातली तरतूद कुठेच नीट मांडलेली नव्हती; पहिल्या ओळीपासून गोष्ट सांगितल्यासारखं लिहिलं होतं. गुण दोन. शेवटचा प्रश्न अर्धा, अक्षर धावतं, मग कोरं पान. तीन तासांत शंभर गुण म्हणजे पाच गुणांना नऊ मिनिटं. चार पानं नऊ मिनिटांत होत नाहीत. त्याला कायदा येत होता. आधी तरतूद, मग प्रश्नातली हकीकत, मग निष्कर्ष, आणि तेही दीड पानात, ही सवय तेवढी हवी होती. नवा क्लास लावायला घरचे निघाले होते, त्याची गरजच उरली नाही.

अशी प्रत एकट्यानं बघू नये. स्वतःचं उत्तर वाचताना मनातलं ज्ञानही आपण त्यात वाचतो. ग्रुप निघालेला मित्र, सीनियर, कुणीही जवळ बसवा आणि प्रत्येक गेलेल्या गुणापुढे कारण लिहा: आलं नाही, आलं पण मांडलं नाही, वेळ पुरला नाही, प्रश्न नीट वाचला नाही. पहिलं कारण वाटतं त्यापेक्षा पुष्कळ कमी वेळा निघतं, असा माझा अनुभव आहे.

आईवडिलांशी बोलताना हाच कागद पुढे ठेवा. अभ्यासक्रमाच्या नव्या योजनेत इंटरचे दोन्ही ग्रुप झाल्याशिवाय दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, सुरू होत नाही, म्हणून त्यांची काळजी रास्त असते. "पुढच्या वेळी नक्की करतो" यावर त्यांचं समाधान होत नाही. गुण नेमके कुठे गेले हे दाखवलं की होतं. पुण्याहून आत्याचा फोन आलाच तर तो आईबाबांना घेऊ द्या, तुम्ही त्यात पडू नका.

आता परीक्षा जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी वर्षातून तीनदा असते, म्हणजे मधे वेळ थोडा. इन्स्टिट्यूटचे मॉक टेस्ट पेपर सोडवा, पण रात्री अकराला पंख्याखाली निवांत नको. पेपर दुपारी दोन ते पाच असतो, आणि मेमध्ये त्या वेळी इंदूर भाजून निघत असतं. पावणेदोनला टेबलाशी बसा, वाचनाची पंधरा मिनिटं घ्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि पाच वाजता पेन खाली.