अक्कलदाढेतल्या पेशींचं म्हातारपण

बीडीएस करून मी पेशींच्या प्रयोगशाळेत आले, तोवर काढलेली अक्कलदाढ म्हणजे कचराच, असं डोक्यात पक्कं होतं. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी एका दाढेला डिस्कने खाच पाडली, ती फोडली आणि आतला गुलाबी, ओलसर पल्प चिमट्याने अलगद ओढून काढला. चिमूटभरसुद्धा नव्हता! याच पल्पमधल्या मूळपेशी ग्रॉन्थोस, शी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत २००० साली वेगळ्या करून दाखवल्या. २००३ मध्ये त्या दुधाच्या दातांतही सापडल्या.

पेशी वाढवणं लवकर जमतं. त्यांचं वय ओळखायला मात्र नजर बसावी लागते. तरुण पेशी सडपातळ, चातीसारख्या दिसतात. म्हाताऱ्या झाल्या की थापलेल्या भाकरीसारख्या पसरतात आणि विभागणं थांबवतात. मरत नाहीत, तिथेच बसून राहतात आणि दाह वाढवणारी द्रव्यं सोडून शेजारच्या पेशींनाही बिघडवतात. म्हणून रोज मायक्रोस्कोपखाली बघा, काम नसलं तरी बघा.

नव्या मुलांना मी एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगते: वहीत नुसता पॅसेजचा, म्हणजे पेशी नव्या फ्लास्कमध्ये किती वेळा हलवल्या त्याचा, आकडा लिहू नका. एका फ्लास्कचे दोन केलेत, तर ते भरेपर्यंत पेशी एकदा दुप्पट होतात. आठ केलेत, तर तीनदा. पॅसेज एकच, वय वेगळं. प्रत्येक वेळी पेशी मोजा आणि किती वेळा दुप्पट झाल्या ते लिहा. दात कोणत्या वयाच्या माणसाचा, हेही पहिल्याच दिवशी नोंदवा. नंतर ते सांगायला कोणी सापडत नाही.

बीटा-गॅलॅक्टोसिडेज या विकराच्या (एन्झाइमच्या) रंगचाचणीत माझा महिना गेला. म्हाताऱ्या पेशी निळ्या व्हायला हव्यात, पण माझ्या प्लेट कोऱ्याच. चाचणीला पीएच नेमका ६ लागतो आणि मी प्लेट नेहमीच्या, कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवत होते. त्या वायूने पीएच उतरतो. साध्या, ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या आणि दुसऱ्या सकाळी निळा रंग दिसला, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. उलटंही होतं: फ्लास्कमध्ये फार गर्दी झाली की तरुण पेशीही निळ्या पडतात. त्यामुळे एकट्या रंगावर विसंबू नका, पी१६ आणि पी२१ ही पेशींचं विभागणं रोखणारी प्रथिनंसुद्धा तपासा.

दुसऱ्या पॅसेजच्या चार कुप्या द्रव नायट्रोजनमध्ये गेल्याशिवाय मी आजही पुढचा प्रयोग मांडत नाही.