पट्टीतली हमाली कुठे गेली? पायथॉनच्या क्लासमध्ये चुकीचं नाव पकडण्याबद्दल

माझ्या मामांचं कांद्याचं अडत दुकान आहे. शेतकऱ्याला द्यायची पट्टी छापणारा प्रोग्रॅम मी त्यांना पायथॉनमध्ये लिहून दिलाय: वजन गुणिले दर, त्यातून हमाली, तोलाई, वाराई वजा. पायथॉन ३ मध्ये नावं देवनागरीत ठेवता येतात, म्हणून क्लासचं (म्हणजे ज्या साच्यावरून प्रत्येक पट्टीचा ऑब्जेक्ट बनतो त्याचं) नावच 'पट्टी' आणि तिच्यावर डॉट हमाली, डॉट तोलाई. वाचायला मजा येते. पण देवनागरी म्हटलं की ऱ्हस्व-दीर्घ आलंच.

दिवाणजींच्या फाइलमध्ये वाराईचा रकाना कधी असायचा, कधी नसायचा. प्रोग्रॅम सारखा अडकायला लागला, म्हणून मी क्लासमध्ये गेटॲट्र (मागितलेलं नाव सापडलं नाही की पायथॉन जी मेथड बोलावतं ती) लिहिलं आणि त्यात एकच ओळ टाकली: जे नाव सापडणार नाही त्याचं शून्य परत कर. पुढे एका नव्या फंक्शनात माझ्या हातून 'हमाली'चं 'हमालि' झालं. एरर नाही, काही नाही. तीन आठवडे पट्ट्यांतून हमाली कापलीच गेली नाही आणि हमालांचे पैसे मामांच्या गल्ल्यातून गेले. "शेतकरी कशाला सांगतोय," मामा म्हणाले, "त्याला चार पैसे जास्तच मिळाले की."

तर ते गेटॲट्र आता मी कसं लिहितो ते सांगतो. कोड शब्दांतच सांगणार आहे. गेटॲट्र, गेटॲट्रिब्यूट, सेटॲट्र, इनिट, स्लॉट्स, सेटस्टेट, डिर या नावांच्या मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोर तुम्ही घाला.

आधी एक घोळ मिटवू. गेटॲट्रिब्यूट प्रत्येक वेळी चालतं, नाव असो वा नसो. गेटॲट्र मात्र नेहमीच्या जागी, म्हणजे ऑब्जेक्टमध्ये, क्लासमध्ये आणि त्याच्या पूर्वज क्लासांत, शोधून हाती काही लागलं नाही तरच चालतं. आपलं काम दुसऱ्यात भागतं. पहिल्याला हात लावायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही.

फाइलमधली एक ओळ मी 'नोंदी' नावाच्या डिक्शनरीत (नाव आणि त्याची किंमत अशा जोड्यांत) ठेवतो. गेटॲट्रमध्ये आलेलं नाव नोंदींत असेल तर ती किंमत परत. नसेल तर एका छोट्या, हाताने लिहिलेल्या यादीत बघायचं: 'नसलं तरी चालेल'. त्या यादीत फक्त वाराई आहे, किंमत शून्य. तिथेही नाव नसेल तर ॲट्रिब्यूट-एरर, म्हणजे 'असं नाव नाही' सांगणारा एरर, उचलायचा. शून्य नाही, नन (पायथॉनचं 'काहीच नाही') नाही. शेवटची रेज (एरर उचलणारी ओळ) विसरलात तर फंक्शन गुपचूप नन परत करतं आणि हॅजॲट्र (ऑब्जेक्टवर अमुक नाव आहे का ते सांगणारं फंक्शन) कुठल्याही नावाला 'आहे' म्हणून मोकळं होतं.

एररचा प्रकारही महत्त्वाचा. डिक्शनरीत नाव नसेल तर तिच्यातून की-एरर येतो. तो तसाच बाहेर सोडला तर हॅजॲट्र कोलमडतं, कारण पायथॉन ३ मध्ये ते फक्त ॲट्रिब्यूट-एरर ओळखतं. म्हणून की-एरर पकडून ॲट्रिब्यूट-एरर द्या, शेवटी 'फ्रॉम नन' लावा, म्हणजे एका चुकीचे दोन लांबलचक ट्रेसबॅक (चूक कुठे झाली ते दाखवणारा मजकूर) दिसणार नाहीत. दर ऋण आला, तर मात्र तो व्हॅल्यू-एरर. नाव बरोबर आहे, किंमत चुकली आहे.

लिहिताना होणारी चूक सेटॲट्रमध्ये पकडायची. ते प्रत्येक असाइनमेंटला, म्हणजे नावाला किंमत देताना, चालतं, इनिटमधल्यासुद्धा (इनिट म्हणजे ऑब्जेक्ट बनताना चालणारी मेथड). नाव ओळखीच्या यादीत नसेल तर तिथेच एरर. असेल तर सुपरच्या, म्हणजे पूर्वज क्लासच्या, सेटॲट्रकडे द्या. तिथे सरळ सेल्फ डॉट अमुक बरोबर तमुक लिहिलंत, तर ते स्वतःलाच हाक मारत बसतं आणि रिकर्शन-एरर येतो. एवढंच हवं असेल तर स्लॉट्स (चालणाऱ्या नावांची क्लासमध्येच दिलेली यादी) पुरे, हा सगळा खटाटोप नको.

आता माझी एक संध्याकाळ खाल्लेली गोष्ट. 'निव्वळ' ही प्रॉपर्टी आहे, म्हणजे साध्या नावासारखी वाचता येणारी मेथड. तिच्या आत मी 'तोलाइ' लिहिलं होतं. एरर आला तो 'निव्वळ नावाचं काही नाही' असा! प्रॉपर्टी तर डोळ्यांसमोर होती. होतं असं की प्रॉपर्टीच्या आतून ॲट्रिब्यूट-एरर बाहेर पडला, की पायथॉनला वाटतं प्रॉपर्टीच सापडली नाही. मग ते गेटॲट्रला 'निव्वळ' विचारतं आणि मूळ एरर टाकून देतं. उपाय: हिशोब साध्या मेथडमध्ये ठेवा, किंवा प्रॉपर्टीत ॲट्रिब्यूट-एरर पकडून त्याचा रनटाइम-एरर करा. इथे 'फ्रॉम'पुढे मूळ एररच द्या, नन नको.

दुसरा खड्डा डीपकॉपीचा, म्हणजे ऑब्जेक्टची आतल्या सगळ्यासकट प्रत काढण्याचा. कॉपी करताना नवा ऑब्जेक्ट इनिट न चालवताच तयार होतो, म्हणजे त्यात नोंदी नसतात. त्याला सेटस्टेट (प्रतीत माहिती भरणारी मेथड) आहे का असं विचारलं जातं, गेटॲट्र नोंदी शोधायला जातं, त्या नाहीत म्हणून पुन्हा गेटॲट्र, आणि गाडी चक्रात. म्हणून पहिल्याच ओळीत बघा: नाव दोन अंडरस्कोरने सुरू होतंय किंवा ते नाव 'नोंदी'च आहे, तर लगेच ॲट्रिब्यूट-एरर.

देवनागरीवाल्यांसाठी आणखी एक. 'शेतकऱ्याचे_नाव' यातला ऱ एका अक्षराचाही असतो आणि र अधिक नुक्ता असाही. दिसायला दोन्ही सारखे. कोडमधली नावं पायथॉन युनिकोडच्या एनएफकेसी पद्धतीने एकसारखी करून घेतं, फाइलमधून आलेल्या डिक्शनरीच्या किल्ल्या (तिच्यातली नावं) करत नाही. नोंदी भरतानाच प्रत्येक किल्ली युनिकोडडेटा मॉड्यूलच्या नॉर्मलाइझमधून त्याच पद्धतीने काढा.

शेवटी डिर (ऑब्जेक्टवरच्या नावांची यादी देणारी मेथड) लिहा: नेहमीच्या नावांत नोंदींच्या किल्ल्या मिसळून यादी परत करायची. आणि ॲट्रिब्यूट-एररला नेम आणि ओबीजे (कोणतं नाव, कोणत्या ऑब्जेक्टवर) द्या, पायथॉन ३.१० पासून ते घेतं. परवा मी मुद्दाम पुन्हा 'हमालि' लिहून चालवलं. प्रोग्रॅम जागच्या जागी थांबला आणि ट्रेसबॅकच्या शेवटी, इंग्रजीत का होईना, विचारलं: तुम्हाला 'हमाली' म्हणायचंय का?