खरी कमाई: मटार, समया आणि सुट्टे पैसे

दर डिसेंबरात एखाद्या नव्या कबमास्टरचा, म्हणजे कबांच्या (धाकट्या स्काउटांच्या) पथकप्रमुखाचा, फोन येतो. "बाई, यंदा खरी कमाई करायची आहे. भेळेचा स्टॉल लावू का?" माझं उत्तर ठरलेलं आहे: नका लावू. खरी कमाई म्हणजे मुलांनी स्वतः काम करून पथकासाठी पैसे मिळवणं. पहिल्या वर्षी मी लावला होता. कांदा आयांनी चिरला, चिंचेची चटणी आयांनी केली, कुरमुऱ्यांचं पोतं एका बाबांनी आणलं, आणि माझ्या कबांनी भेळ खाल्ली. संध्याकाळी डबा जड झाला होता. कमाई झाली होती, खरी झाली नव्हती.

परळच्या एका शाळेत मी प्राथमिकला शिकवते आणि एकोणीस वर्षं कब पथक चालवते. सध्या अठरा कब आहेत, म्हणजे सहा-सहांचे तीन सिक्स. त्याच शाळेत आमच्या एका सरांकडे बारा स्काउट आहेत. भेळेनंतर आम्ही पुन्हा मूळ पद्धतीवर आलो: दारात जायचं, काम विचारायचं, नीट करायचं, मग पैसे घ्यायचे. ब्रिटनमध्ये १९४९ पासून 'बॉब-अ-जॉब' आठवडा असायचा, त्याच वळणाचा हा उपक्रम. बॉब म्हणजे शिलिंग, एक काम एक शिलिंग. आपलं 'खरी कमाई' हे नाव मला त्याहून आवडतं, कारण त्यात अटही आली. भारत स्काउट्स आणि गाईड्सची स्थापना ७ नोव्हेंबर १९५० ची. त्या दिवशी आपण ध्वजाचे स्टिकर देऊन पैसे गोळा करतो, ती वर्गणी. दोन्हींची गल्लत करू नका, मुलंही करतात.

आधी दिवस ठरवा. मे महिन्यात परळ-लालबाग अर्धं कोकणात गेलेलं असतं, दारं वाजवून उपयोग नाही. दिवाळीआधी घरोघर कामं खूप, पण सहामाही तोंडावर असते आणि पालक हो म्हणत नाहीत. मी जानेवारीतला शेवटचा रविवार धरते, सकाळी नऊ ते साडेअकरा. ऊन सोसवतं, मटार स्वस्त असतो (मटारचं काय काम, ते पुढे येईल), आणि २६ जानेवारीच्या संचलनासाठी गणवेश धुऊन इस्त्री झालेला असतो. स्कार्फ आणि तो अडकवायचं कडं, म्हणजे वॉगल, मात्र आदल्या दिवशी पुन्हा तपासा. दर वर्षी एकाचा वॉगल कपाटाखाली गेलेला असतो.

मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांचं लेखी संमतीपत्र याबद्दल जास्त सांगत नाही, त्याशिवाय पाऊल उचलूच नका. पण ज्या इमारतीत जाणार तिथल्यांनाही आठवडाभर आधी स्वतः जाऊन भेटा. फलकावर चिठ्ठी लावा: कोण येणार, किती वाजता, कोणती कामं करणार, कोणती नाही. नुसता व्हॉट्सॲपवर निरोप टाकलात, तर तो सकाळच्या फुलांच्या चित्रांखाली गाडला जातो.

चाळ आणि टॉवर यांचं गणित वेगळं आहे. चाळीत सकाळी दारं उघडी असतात, समोर लांब गॅलरी. मुलं गॅलरीतच चटई टाकून बसतात, काम घरातून बाहेर येतं, आणि एका टोकाला उभं राहिलं की मला सगळा मजला दिसतो. टॉवरमध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा वॉचमनने रजिस्टरमध्ये अठरा पोरांची नावं लिहायला घेतली. त्यातच पाऊण तास गेला. वर गेलो तर दारं बंद, बेल वाजवली की भिंगातून डोळा. सेक्रेटरी म्हणाले, "बाई, मुलांना कशाला त्रास, आम्ही देणगी देतो ना." चांगल्या मनानेच म्हणाले. पण देणगी घेतली की पुन्हा भेळ. तेव्हापासून टॉवरमध्ये आम्ही वर जातच नाही. खाली पोडियमवर दोन टेबलं आणि सतरंजी मांडतो, लोक बूट, समया, सायकली, रद्दी घेऊन खाली येतात. हे इतकं जमलं की लिफ्टमध्ये एकमेकांकडे न बघणारे लोक रांगेत उभे राहून गप्पा मारतात.

सुरक्षिततेचे नियम मी वाटाघाटीला ठेवत नाही. एकटं मूल कुठेही जाणार नाही, जोडी असेल. प्रत्येक मजल्यावर एक मोठं माणूस उभं. उंबरठ्याच्या आत पाऊल नाही, अगदी "अरे ये, लाडू खा" म्हटलं तरी. विळी, सुरी, गॅस, शिडी, खिडकीचे गज, विजेचं काहीही बंद. कबूतरांची घाण काढणं बंद; मुंबईत हे काम हटकून पुढे येतं. अडचण अशी की कबांचे नियम दोनच: मोठ्यांचं ऐकायचं, आणि स्वच्छ व विनम्र राहायचं. आता एखादे काका म्हणाले, "जरा माळ्यावर चढ रे," तर सात वर्षांच्या पोराने काय करायचं? त्यासाठी मी एक वाक्य पाठ करून घेते: "बाईंना विचारून सांगतो." नाही म्हणायचं नाही, चढायचंही नाही. हे वाक्य झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे.

आधीच्या दोन सभा फक्त तयारीला द्या. मी स्वतः तिरसट आजी होऊन दारात उभी राहते आणि मुलं जोडीने येतात. नमस्कार, नाव, शाळा, "आम्ही कब आहोत, खरी कमाई करतोय, काही काम आहे का?" मी "नाही" म्हणते, दार लावून घेते. "धन्यवाद आजी" म्हणून हसत पुढे जाता येणं हा खरा धडा आहे, आणि तो काही मोठ्यांनाही जमत नाही. एक गोष्ट माझ्याकडून दारोदार जायच्या पहिल्या वर्षी राहिली होती. आपण स्काउट मंडळी हस्तांदोलन डाव्या हाताने करतो. एका कबाने त्याच सवयीने एका आजोबांकडून पैसेही डाव्या हाताने घेतले. आजोबा मला शोधत जिन्यापर्यंत आले. तेव्हा डावा हात आपापसात, लोकांना नमस्कार, पैसे उजव्या हातात.

आणखी एक गंमत सांगते, कारण तुमच्यावरही हा प्रसंग येईल. पथकात मुलं मला 'अकेला' म्हणतात. एकदा मजल्यावरून चौघं ओरडत सुटली, "अकेलाऽऽ, अकेलाऽऽ!" एक काकू घाबऱ्याघुबऱ्या बाहेर आल्या: "कोण एकटं राहिलंय?" त्यांना सांगितलं की बेडन-पॉवेल यांनी १९१६ साली कब सुरू केले, तेव्हा ही नावं किपलिंगच्या जंगलकथांतून घेतली, अकेला म्हणजे लांडग्यांचा म्होरक्या. किपलिंग १८६५ साली जन्मले तेही आपल्या मुंबईतच, जे. जे. कला शाळेच्या आवारात. काकू म्हणाल्या, "असू दे, पण बाईमाणसाला लांडगा?" चाळीत आता मुलं 'बाई'च म्हणतात.

आता कामं. वयाप्रमाणे वाटा. कबांना बसून करायची द्या, स्काउटांना उठबस असलेली.

कबांचं हुकमी काम मटार सोलणं. दोघांना एक किलो शेंगा, एक परात, टरफलांना एक पिशवी. सुरुवातीलाच आजींना सांगून टाका की किलोभर शेंगांतून अर्ध्या किलोच्या आतच दाणे निघतात, नाहीतर उरलेले पोरांनी खाल्ले असं त्यांना वाटतं. थोडे खाल्लेलेही असतात. लसूण द्यायचा असेल तर पाकळ्या दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवून घ्या, म्हणजे नखं दुखत नाहीत.

दुसरं काम रद्दी बांधण्याचं. इथे शिकवलेली रीफ नॉट उपयोगी पडते आणि मुलांना पहिल्यांदा कळतं की गाठ दोरीच्या तुकड्यावर बसून शिकायची गोष्ट नाही. उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. बांधल्यावर बघा: दोन्ही टोकं दोरीला लागून समांतर पडली तर गाठ बरोबर. आडवी बाहेर आली तर चुकली, जिना उतरेपर्यंत वर्तमानपत्रं पसरणार. तपासणी सिक्सरकडे, म्हणजे सिक्सच्या म्होरक्याकडे द्या, त्याचा रुबाब वाढतो.

बूट पॉलिश हे सगळ्यांत लोकप्रिय आणि सगळ्यांत घाणेरडं. खाली जाड वर्तमानपत्र, आधी कोरड्या ब्रशने धूळ, मग पॉलिश बोटभर नाही, नखभर. कापडी आणि मऊ खरखरीत चामड्याचे बूट घेऊच नका. आणि गणवेशावर जुना शर्ट उलटा चढवा, बटणं पाठीमागे. हे मी चार आयांची बोलणी खाऊन शिकले.

पितळेची समई, तांब्या, निरांजन घासणं हे काम लोक मागून घेतात. चिंच कोळून त्यात मीठ, कापडाने चोळायचं, भरपूर पाण्याने धुवायचं आणि लगेच कोरडं पुसायचं. पुसायला उशीर झाला की डाग पडतात आणि सगळी मेहनत वाया जाते. पण घेताना विचारा: हे पितळ आहे की मुलामा? सहा वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजींनी समईबरोबर गणपतीची छोटी चंदेरी मूर्ती दिली. माझ्या दोन उत्साही कबांनी भांडी उजळायची पावडर घेऊन ती अशी घासली की सोंडेवरचा मुलामा निघाला आणि आतलं लालसर तांबं दिसायला लागलं. पोरं रडकुंडीला आली. चूक माझी होती, मी काम न बघता हो म्हटलं होतं. मूर्ती मी पुन्हा मुलामा चढवून आणली, स्वतःच्या पैशांनी, आणि दोघांना बरोबर घेऊन परत द्यायला गेले. आजींनी त्यांना नारळाची वडी दिली, मला दिली नाही. तेव्हापासून फक्त पितळ आणि तांबं, देव नाही.

स्काउटांना सायकली धुवायला द्या, चौथ्या मजल्यावर किराणा चढवायला द्या. गेली काही वर्षं एक नवं काम आलं आहे: आजी-आजोबांच्या मोबाइलवरची अक्षरं मोठी करणं, आवाज वाढवणं, नको ते फोटो काढून टाकणं. स्काउटांच्या कामांत सर्वांत जास्त मागणी याला आहे. इथे एक रेघ आखून द्या: पैशांच्या ॲपला हात नाही, ओटीपी विचारायचा नाही, कुणी वाचून दाखव म्हटलं तरी नाही. फोन मालकाच्या हातात, स्काउटचं फक्त बोट.

पैशांचं बोलू. "किती देऊ?" असं विचारलं की "तुम्हाला वाटेल ते" हे जुनं उत्तर मी बंद केलं आहे. त्याने समोरचा अवघडतो. आम्ही फलकावरच लिहितो: कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. कुणी पाचशेची नोट पुढे केली तर मूल म्हणतं, "काका, पन्नासचंच काम झालंय." एकदा काका ऐकेनात, तेव्हा आमच्या सिक्सरने उरलेल्या पैशांत त्यांच्या घरातले सगळे बूट मागितले. नऊ जोड निघाले.

सुटे पैसे हा मुंबईतला वेगळा विषय आहे. शनिवारी बँकेतून दोनशे रुपयांची दहाची नाणी आणून ठेवा. हल्ली पंचाईत अशी की लोकांकडे रोख नसतेच, "क्यूआर आहे का?" हा पहिला प्रश्न. स्वतःच्या खात्याचा क्यूआर कधीही पुढे करू नका, हेतू कितीही स्वच्छ असला तरी. शाळेचं किंवा पथकाचं खातं असेल तर तेच. आमच्याकडे ती सोय नाही, म्हणून आम्ही कार्डावर 'येणे' लिहितो आणि सोमवारी संध्याकाळी दोन स्काउट सरांबरोबर जाऊन घेऊन येतात. आजवर कुणी बुडवलं नाही.

कार्ड साधं ठेवा: तारीख, खोली, काम, रक्कम, सही, शेरा. शेरा भरायला लोकांना लाज वाटते, पण आग्रह करा. "दाणे कमी, बडबड जास्त" असा शेरा माझ्या संग्रही आहे. पैसे थेट पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात जातात, झाकणाला चीर पाडलेली. डबा मुलांसमोर उघडा, मोजणी तिन्ही सिक्सर करतील, तुम्ही फक्त लिहा. पहिल्या मोजणीत आकडा कधीच जुळत नाही. मदतीला धावू नका, तिसऱ्या वेळी जुळतो. जिल्हा संस्थेच्या काही सूचना असतील तर त्या हिशोब करण्याआधी वाचा, नंतर नाही.

हिशोब आम्ही २२ फेब्रुवारीला, चिंतन दिनी वाचतो. बेडन-पॉवेल यांचा जन्म १८५७ साली त्याच दिवशी झाला. मोठी भाषणं टाळते. एक कब उभा राहून जमाखर्च वाचतो. यंदा २,३४० रुपये जमले. कबांनी ठरवलं की प्रथमोपचार पेटी नव्याने भरायची, स्काउटांना ताडपत्री हवी होती. यावर अर्धा तास भांडण झालं आणि मी मध्ये पडले नाही, कारण पैसे माझे नव्हते. शेवटी पेटी आणि दोर घेतले, ताडपत्री पुढच्या वर्षावर गेली. पावत्या कार्डांबरोबर एका फायलीत.

घरी जाण्याआधी मुलांकडून वहीत पुढच्या वर्षाची नोंद करून घ्या, नाहीतर जानेवारीत पुन्हा पहिल्यापासून विचारत बसाल. आमच्या वहीतलं पान दुसरीतल्या अक्षरात असं आहे: दुसरा मजला, मटार दोन किलो. चौथा मजला, आजोबांचा मोबाइल, सकाळी नको, झोपतात. तिसरा मजला, समई आणि दोन तांबे. गणपती मागितला तरी घ्यायचा नाही.